दुधाच्या पानावर

मंगळवारी हंसाबेन येतात, दांडिया बाजारातून चालत,
चपला दाराबाहेर, पिशवीत रक्तदाबाचं यंत्र.
सासूबाई शहाण्या मुलीसारखा हात पुढे करतात.
माझ्याकडून गोळी घेताना मात्र ओठ शिवलेले.

गेल्या दिवाळीपासून त्यांची मराठी गळत चालली.
शाळेतलं गुजराती तेवढं उरलंय.
"केम, आजे मोडुं थयुं?" मला विचारतात,
जशी मी पगारावर ठेवलेली कुणी बाई.
ती बाई आवडते त्यांना. सुनेपेक्षा बरी.
"तारो हाथ बहु नरम छे."
एकवीस वर्षांत न मिळालेलं हे वाक्य
मी त्या बाईच्या वतीनं ठेवून घेतलं.

ऋताची बारावी. श्रीरंगची हलोलची बस, पावणेसातला.
इंदूरला माझी आई, गुडघे धरून,
म्हणते, "तू काळजी करू नकोस,"
आणि फोन ठेवत नाही.

त्या मंगळवारी सासूबाईंना झोप लागलेली.
"लावो, तमारुं मापी लउं," हंसाबेन म्हणाल्या.
बाही वर केली. कोपराला कणकेचा वाळका पापुद्रा.
पट्टा फुगत गेला.
दंडाला इतकं घट्ट
बऱ्याच दिवसांत कुणी धरलं नव्हतं.
त्यांनी मोजलं. पुन्हा मोजलं.
आकडा सांगितला हळूच,
झोपलेल्या माणसाला कळू नये असा.

सासूबाईंची वही आखलेली:
सकाळ, रात्र, शौच, झोप, चिडचिड.
त्यात मी कुठे लिहू?
दुधाच्या हिशेबाचं पान काढलं, कडेला टिपलं,
एकशे अठ्ठावन्न. शंभर.

रात्री श्रीरंगनं पान उलटलं.
"एका दिवसाचं दूध एकशे अठ्ठावन्न?
आणि हे शंभर कशाचे?"
मला हसू आलं. आधी थोडं, मग आवरेना.
आतल्या खोलीतून सासूबाईही हसू लागल्या,
कशाला ते त्यांनाच ठाऊक.

मग सांगितलं. तो खाली बसला.
"मीठ कमी करायचं का?"
बऱ्याच वेळानं, "आईच्या रात्रीच्या गोळ्या कुठल्या?"
डबा दाखवला. निळी अख्खी. पांढरी अर्धी,
नखानं नाही मोडायची, सुरीनं.

त्यानं मोडली.
अर्धी उडाली, घरंगळत पलंगाखाली गेली.
तो ओणवा, मोबाइलच्या उजेडात, हात लांब करून,
"दिसत नाहीये गं कुठे,"

मी उठले नाही.