आहेर आणू नये

एप्रिल. लगनसराई. शहापुरात नव्या गल्लीत माझा छापखाना,
म्हणजे एक ट्रेडल, एक दस्तगीर
आणि पावणेदोन लिपींचे खिळे.
कानडीतला 'ळ' नेहमी कमी पडायचा,
तो शेजारच्या प्रेसमधून
साखरेच्या वाटीसारखा उसना आणायचा.

समोर इनासनं सलूनातला टीव्ही रस्त्याकडं वळवला.
विलायतेच्या राजघराण्यात लग्न होतं.
साडेतीनच्या उन्हात
अर्धी दाढी झालेली माणसं खुर्चीतून माना वेळावून
दुसऱ्यांच्या वऱ्हाडातल्या टोप्या मोजत बसली.

वडगावचा चन्नाप्पा, मागावर आयुष्य गेलेला,
त्याला नवरी दिसलीच नाही.
"एवढं कापड भुईवर लोळायला?
माझे आठ दिवस जायलेत बघ तिच्या मागनं."

तुळसाक्का पायरीवर टेकली होती.
तिचे मालक पलटणीत, इटलीत एक बोट ठेवून आलेले.
परत आले तेव्हा छातीवर बिल्ला,
बिल्ल्यावर ह्यांच्यातल्याच कुणा राजाचा मुखडा.
"म्हणजे सोयरेच की रे आमचे."
"मग पत्रिका नाही आली?" कुणीतरी डिवचलं.
"पोस्टमन नवा आहे," ती म्हणाली.

बँकेतले हुद्दार छत्री आपटत थांबले.
दीडशे वर्षं ओरबाडलं, आणि तुम्ही लाळ गाळताय?
बोलता बोलता सावलीत सरकले,
आणि घोडागाडी वळेपर्यंत
तिथंच उभे राहिले.

"आहेर नको म्हणालेत," इनासनं बातमी दिली.
दस्तगीरनं शाईच्या तबकडीवरून मानसुद्धा वर केली नाही.
"कशाला पाहिजे? आगाऊच पोचलाय."
सगळं सलून हसलं,
एकाच्या हनुवटीला वस्तरा लागला.

माझ्या टेबलाशी मात्र हसू नव्हतं.
कडोलीचे मोनाप्पा, बैलहोंगलचे शिवरुद्राप्पा,
पोरापोरींनी एका दवाखान्यात परस्पर जमवलेलं,
बापांच्या वाट्याला फक्त पत्रिका उरलेली.
वर कुठली भाषा? तीन प्रुफं फुकट गेली.
शेवटी उघडझाप दोन्हीकडनं ठरली
तर स्थळाच्या ओळीवर गाडी अडली.
एकाला बेळगाव पाहिजे,
दुसऱ्याला बेळगावी.
एका वेलांटीवर
दोन वऱ्हाडं उन्हात उभी.

तेवढ्यात टीव्हीतला धर्मगुरू काहीतरी विचारायला लागला.
गल्ली गप्प झाली.
"काय म्हणतोय?" मोनाप्पांनी विचारलं.
इनासनं त्यांना मराठीत सांगितलं,
मग तोंड फिरवून यांना कानडीत:
आजारपणात, गरिबीत हिला सांभाळशील काय, विचारतोय.
"आपल्यात भटजी असलं विचारत नाही," मोनाप्पा म्हणाले.
"नम्मल्लू इल्ल," शिवरुद्राप्पा पुटपुटले.
आमच्यातही नाही.
दिवसभरात दोघांचं जुळलेलं हे पहिलं वाक्य.
पुढं थोडा वेळ
कुणीच वेलांटीकडं बोट नेलं नाही.

मी ओळ लावली:
मंगल कार्यालय, रेल्वे फाटकाजवळ.
गावाचं नाव घातलंच नाही.
ज्यांना यायचं होतं त्यांना फाटक ठाऊक होतं.
खाली सवयीनं 'आहेर आणू नये' जुळवलं होतं,
ते मात्र दोघांनी एकदमच खोडलं,
एकानं निळ्या पेननं, एकानं लाल.

संध्याकाळी वाया गेलेल्या प्रुफांत
दस्तगीरनं पोरांसाठी कुंदा बांधून नेला.
एक बरी पत्रिका मी तुळसाक्काच्या हाती ठेवली.
तिला वाचता येत नाही, कुठल्याच बाजूनं.
तिनं ती उलटली, पालटली,
हळदीचं बोट हुंगून पाहिलं.
"विलायतेची काय रे?"
"नाही गं, फाटकाजवळची."
"मग जेवण असेल," ती म्हणाली,
आणि बिल्ल्याच्या डबीत ठेवायला
घरी घेऊन गेली.