उबेला पाठ

सावद्याच्या लग्नात एकसष्ट माणसं
ग्रामीण रुग्णालयाच्या व्हरांड्यात पोट धरून बसली,
त्याला दोन वर्षं झाली.
तोताराम नेहेते आचारी तेव्हापासून
वरण स्वतः चाखत नाहीत.
दुसऱ्याच्या हातावर घालतात
आणि त्याच्या तोंडाकडे बघत राहतात.

फैजपूरला आमच्या प्रयोगशाळेत आले
ते चपला बाहेर काढून.
मी पडद्यावरची रेघ दाखवली.
आधी ही आडवी पडून असते, काका,
जंतूंना जागा नवी असते.
मग दर दहा मिनिटांनी दुप्पट,
आणि रेघ उठते
रात्रीतून वर येणाऱ्या केळीच्या कोंबासारखी.
वास? येत नाही. चवही तीच.
"म्हंजे नाक खोटं नव्हतं," ते म्हणाले,
"नाकाले कळलंच नई."

मी पुढचं सांगत होते.
कुठल्या तापमानाला, किती वेळात, किती.
पुढचं सांगायलाच तर हे गणित.
त्यांनी विचारलं, "हे मांगं चालतं का?
मले त्या रातची येळ सांग."

तूरडाळ वीस किलो. ऐंशी लिटरचा गंज.
सातला उतरवला, झाकण घट्ट, वर गोणपाट.
माघ. बाहेर आठ अंश,
केळीची पानं करपवणारी थंडी.
सकाळी सिलिंडर संपत आलं
म्हणून नुसतं कोमट करून वाढलं.
आदल्या संध्याकाळच्या उकळीत सगळे मेले नव्हते,
काही कवच घालून बसले होते.

दोन वाजून चाळीस, मी म्हटलं.
पंधरा-वीस मिनिटं इकडेतिकडे.

"तव्हा मी निजेल होतो."
मग बराच वेळानं,
"गंजाले पाठ लावून. ऊब होती ना."

समीकरणात त्यांच्यासाठी अक्षर नव्हतं.
मी तसं सांगितलं. शब्द चुकले बहुधा.
रेघ जिथे वळते तिथे त्यांनी बोट ठेवलं,
काचेवर हळद उमटली.
स्पिरिटनं जात नाही ती.

यंदा भालोदला लग्न.
भाड्याच्या चौदा पराती ओट्यावर ओळीनं,
दोन-दोन बोटं वरण, वर मलमल,
कुत्री हाकायला एक पोरगा.
रात्री एकला फोन आला.
"आइस्क्रीमवाल्याच्या पेटीत ठेवलं सगळं.
तुह्या काडीत सात येऊ राह्यलं.
सात चांगलं ना?"

चांगलं, म्हटलं.
पलीकडे त्यांचे दात वाजत होते.