चाळीस अंश

खांदा म्हटला की लोकांना तिरडी आठवते,
नाहीतर जत्रेत उचलून घेतलेलं पोर.
बाबांना आठवते पुंगळी.
पितळेची, बोटभर,
जिथे अंग संपतं आणि मान सुरू होते
तो उतार.

वरणगावला तेवीस वर्षं, मग बदली होऊन अंबाझरीत नऊ,
गेज-रूमच्या निळसर ट्यूबलाइटखाली
रेवनाथ निनावेंनी खांदे मोजले.
आमच्या खांद्यावर कधी हात ठेवला नाही.
ठेवलाही असेल. मला आठवत नाही.

आता धंतोलीत, दुसऱ्या मजल्यावर,
वैष्णवी ढोक नावाची पंचविशीतली मुलगी
प्लास्टिकचा कोनमापक त्यांच्या काखेशी धरते.
"उचला काका. अजून. बस?"
"बस."
"चाळीस अंश," ती वहीत लिहिते.
खिडकीबाहेर मे. कूलरचं पाणी संपत आलेलं.
"नागपुरात चाळीस म्हंजे काईच नाही बाई," बाबा म्हणतात,
आणि लगेच, चष्मा सारखा करत,
"टॉलरन्स किती?"

ती हसते. तिला वाटतं, म्हातारा गंमत करून राहिला.
मला माहीत आहे, तो विचारतोय.

औषधाच्या चिठ्ठीमागे, डाव्या हाताने,
बाबा दोन पुंगळ्या काढतात. वाकड्या येतात.
"ही उतरत्या खांद्याची. गुमान आत जाते,
ओळखीचा माणूस मागच्या दारानं यावा तशी.
पण दर बाराला थोडी लांबते.
पितळ पुढे वाहतं, मानेत साचतं,
आणि इकडे बुडाजवळ भिंत पातळ होत जाते.
वरून दिसत नाही.
एक दिवस तिथूनच तुटते.

ही ताठ खांद्याची. पस्तीस, चाळीस.
चेंबरात टेकून उभी राहते, लांबत नाही,
दारूही चार दाणे जास्त मावते.
पण मॅगझिनमधून येताना अडते कधीकधी,
आणि अडते ते नेमकं घाईच्या वेळी."

"मग चांगली कोणती, काका?"
"ज्याची रायफल, त्याचा खांदा."

एकदा जबलपूरचा एक नेमबाज घरी आला होता,
वापरलेल्या पुंगळ्या खाकी पिशवीत घेऊन.
पुन्हा भरतो म्हणाला, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेला फाटतात.
बाबांनी एक उन्हात धरली, फिरवली,
आत वाकवलेली तार घालून भिंत चाचपली.
"खांदा लई मागे ढकलता तुम्ही.
केसाइतका ढकला. डोक्यावरच्या एका केसाइतका.
जास्त ढकलला की पुढच्या बाराला ती तेवढीच ताणते,
आपली जागा शोधतेच ती.
आणि पितळ विसरत नाही, किती वेळा वाकवलं ते.
कडक होत जातं.
मग मंद आच द्यायची, मानेला आणि खांद्याला फक्त.
बुडाला नाही. बूड मऊ झालं की खेळ खलास."
आई आतून म्हणाली होती, चहा देऊ की नको
ते आधी सांगा.

वैष्णवी गरम पिशवी टॉवेलात गुंडाळून
बाबांच्या खांद्यावर ठेवते.
दहा मिनिटं.
ते डोळे मिटतात.
"बुडाला नाही," पुटपुटतात,
आणि ती, न कळूनही, म्हणते, "नाही काका."

खाली उतरल्यावर स्कूटीची सीट तव्यासारखी.
मी दुपट्टा अंथरते. बाबा बसतात,
धरायला मागचा दांडा शोधतात, हात तिथवर जात नाही.
पुढे येतो. चाळीस अंश.
तेवढ्यात माझा खांदा लागतो.

पंचशील चौकाच्या सिग्नलला
त्यांचा अंगठा मानेपासून खाली घसरतो,
पुन्हा वर येतो, पुन्हा खाली,
मशीन बंद असताना हाताने तपासावं तसा.
"उतरता आहे तुझा," मागून आवाज येतो.
"माझ्या बापावर गेला. मागावर बसून बसून त्याचा असा झाला होता."

चांगला की वाईट, मी विचारलं नाही.
मागच्या रिक्षाने हॉर्न दिला.
हिरवा केव्हाच लागला होता.