फळा

शनिवारी संध्याकाळी फळा माझ्याकडे असतो.
सदतीस वर्षं शाळेत लिहिलं, निवृत्त झाले तेव्हा फादर म्हणाले,
तुस्कानो बाई, अक्षर फुकट घालवू नका.
म्हणून देवळाच्या फाटकाशी, सिडकोच्या दिव्याखाली
मी पुढच्या आठवड्याचं लिहीत बसते.
आम्ही वसईचे, चर्चला देऊळच म्हणतो.
कोपरखैरण्यात एकतीस वर्षं काढली,
जिभेवरचं देऊळ काही हललं नाही.

रविवार, मिस्सा सात आणि साडेआठ.
बुधवार, नोव्हेना.
गुरुवार, सर्वधर्म स्नेहभेट, मागच्या हॉलमध्ये.
हाफिजसाहेब बोलतील पाच मिनिटं,
म्हणजे वीस.
गुरुद्वारातून चहाचं पिंप येईल,
विहारातून पारूबाई ओव्हाळ खुर्च्या पाठवतील,
चौतीस, निळ्या, पाठीवर पांढऱ्या रंगात
त्रिशरण महिला मंडळ.
त्या शुक्रवारपर्यंत ठेवा म्हणाल्या,
तुमच्या पोरांच्या कार्यक्रमाला लागतील.

पोरांचा कार्यक्रम.
त्याच्या नावावरून कमिटी दोन तास बसली होती.
मानसिक आरोग्य नको, दवाखाना वाटतो.
नैराश्य नको, फळ्यावर कसं दिसेल.
शेवटी ठरलं: चला, बोलूया.
मी काही बोलले नाही.

फेब्रुवारीत याच फळ्यावर
एका अठरा वर्षांच्या मुलाची अंत्ययात्रा लिहिली होती मी.
कारण काय लिहू, विचारलं तर सगळे खाली बघू लागले.
मग लिहिलं, अल्पशा आजाराने.
शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.
त्याची आई फळ्यासमोर उभी राहिली
आणि मला म्हणाली, बाई, अक्षर किती छान आहे तुमचं.

तर,
शुक्रवार, सायंकाळी सात. चला, बोलूया.
वय पंधरा ते पंचवीस. सर्व धर्मांच्या मुलामुलींसाठी.
समुपदेशक येणार आहेत. प्रवेश मोफत.
नावनोंदणी आवश्यक.

खडू डबीत ठेवत होते तेव्हा तो दिसला.
पाठीला क्लासची बॅग, हातात हेल्मेट, गाडी कुठेच नाही.
आमच्यातला नव्हता, किंवा असेल,
हल्ली मला सगळी पोरं नवीच वाटतात.
वाचलं. कोपऱ्यावरच्या सँडविचवाल्यापर्यंत गेला.
परत आला. पुन्हा वाचलं,
जसा नापास झालेला मुलगा निकाल पुन्हा वाचतो.
मग माझ्याकडे न बघता:
नाव द्यावंच लागतं का?

सदतीस वर्षं मी हजेरी घेतली.
नाव न सांगणाऱ्याला बाहेर उभं केलं.
कमिटीला विचारून सांगते, असं तोंडात आलंही होतं.
पण हात पुढे गेला.
फडकं सापडेना, पदरानेच पुसली शेवटची ओळ,
सुती साडी, अजून डाग आहे.
मागे वळले तर तो गेलेला.

शुक्रवारी एकोणीस जण आले.
डॉक्टर बाई थोडं बोलल्या, मुलं त्याहून थोडं.
एक मुलगी नुसतीच रडली आणि बिस्किटं खाल्ली.
हेल्मेटवाला दिसला नाही.
मी दाराशीच होते, एकेक चेहरा पाहत होते.

रात्री पारूबाईंचा टेम्पो आला.
खुर्च्या मोजल्या, तेहतीस.
पुन्हा मोजल्या.
सिल्वेस्टर बॅटरी घेऊन मागच्या बाजूला गेला,
तिथं, हॉलच्या खिडकीखाली,
कचऱ्याच्या डब्यापलीकडे,
भिंतीला अगदी लागून होती चौतिसावी.
खाली सँडविचचा कागद, चार घड्या घातलेला.

आज शनिवार.
मिस्सा सात आणि साडेआठ. बुधवार, नोव्हेना.
शुक्रवार, सायंकाळी सात. चला, बोलूया.
कमिटीला विचारलेलं नाही,
शेवटच्या ओळीची जागा रिकामीच होती, तिथं लिहिलं:
एक खुर्ची बाहेर, खिडकीखाली ठेवलेली असेल.