पाणीपाळी

अर्जात एक रकाना होता : हे संशोधन कशासाठी?
मी लिहिलं, गुळासाठी.
चौगुले मॅडमनी ते खोडलं,
वर लिहिलं 'शर्करा-जल आंतरक्रिया', आणि सही केली.
पहिल्या खेपेला नामंजूर.
दुसऱ्या खेपेला पन्नास हजार कोअर-तास,
तीन महिन्यांत वापरा, नाहीतर बुडाले.

आण्णांना फोन केला.
'म्हंजे किती गं?'
म्हटलं, विभागातला चार कोअरचा डबा
रात्रंदिवस पळवला तर जवळजवळ दीड वर्ष.
'आणि हे मशीन हाय कुठं?'
पुण्यात. मी बघितलेलं नाही.
'तू बघितलं न्हाईस, त्यांनी तुला बघितलं न्हाई,
आणि पन्नास हजार दिले?'
आण्णा हसले. 'सोसायटी बरी दिसत्या.'

सगळ्यांचं आहे म्हणून रांग आहे.
रात्री साडेअकराला, वसतिगृहात,
मी काम टाकते आणि यादी वर सरकवते.
माणसं नाहीत, आठ-आठ अक्षरांची खाती,
गाव नाही, आडनाव नाही.
एकाच्या कामाचं नाव 'शेवटचं',
त्याच्याच खालच्या कामाचं 'खरंच शेवटचं'.
ह्या माणसाशी माझं जमलं असतं.

पहिल्यांदा हावरटपणा केला.
चारशेऐंशी कोअर, चोवीस तास.
चार दिवस थांबले. पाचव्या पहाटे नंबर लागला
आणि अकरा सेकंदांत काम मेलं :
फोल्डरच्या नावात एक अक्षर चुकलेलं.

तेव्हा हिंदूराव पाटकरी आठवला.
भोगावतीवरच्या आमच्या पाणी संस्थेचा,
कानावर पेन्सिल, काखेत लांबडी वही.
मी सातवीत, आण्णा तापानं पडलेले,
पाळी मागायला मलाच धाडलेलं.
'आलो व्हय,' मी म्हणाले
(आमच्यात बायकाही असंच बोलतात,
अर्जात तेवढं सांभाळावं लागतं),
'आमचं पाणी कवा?'
त्यानं वही न उघडता सांगितलं,
'सगळं रान भिजवायचं म्हणशील तर शुक्रवार.
चार सऱ्या म्हणशील तर आत्ता.
वरच्या अंगाला पाइप फुटलाय,
जोडून हुईस्तोवर पाणी मोकळंच हाय.'

अठ्ठेचाळीस कोअर. तीन तास.
फोल्डरचं नाव बोट ठेवून वाचलं, दोनदा.
एंटर.

दोन चाळीसला 'पेंडिंग' पुसलं गेलं, 'रनिंग' आलं.
कुणाच्या तरी दोन मोठ्या कामांच्या मधे
एक फट होती, तिच्यात माझं शिरलं.
तिकडे, न बघितलेल्या कपाटात,
चार हजार पाण्याचे रेणू साखरेभोवती हलू लागले.
इथे त्यांचे फक्त आकडे उतरतात,
एका ओळीखाली एक,
आणि मी उगाच स्क्रीनला हात लावून बघते, गरम आहे का.

दोन त्रेपन्नला फोन थरथरला आणि थांबला.
आण्णांचा मिस्ड कॉल.
आमची जुनी खूण : मोटर सुरू झाली, मी रानात आहे,
आईला उठवू नको.
हल्ली मी घरी नसते, तरी बोट सवयीनं तिकडेच जात असणार.

मी एक मिस्ड कॉल परत दिला.
त्यांनी काय समजून घेतलं, कुणास ठाऊक.