वल्ह्याला कान

माझ्या बायकोचं नाव शमशाद.
गेल्या वर्षापासून मला ते
‘अमआद’ असं ऐकू येतं.
दोन्ही श गळून पडले,
फाटक्या जाळ्यातून तारल्या सुटाव्यात तसे.

साखरीनाट्याच्या धक्क्यावर म्हणतात,
लतीफ ड्रायव्हर भाव खातो,
हाक मारली तरी वळत नाही.
भाव कसला.
सव्वीस वर्षं सहा सिलिंडरच्या इंजिनाला
मांडी लावून बसलो.
हातभर अंतरावरच्या माणसाशीही
तिथे ओरडूनच बोलायचं.
कानाला हे फार होतंय, एवढं कळायला
मीटर लागत नव्हता.
कानांवर हात ठेवायची सवय आमच्या सगळ्या धक्क्याला,
खरोखर ठेवायचे तेव्हा मात्र
कुणी ठेवले नाहीत.

सुरुवातीला बंदराला लागलो की दडे बसायचे.
सकाळी सगळं परत जागेवर:
कोंबडा, नळ, शमशादच्या बांगड्या.
वाटलं, कानालाही भरती-ओहोटी असणार.
मग एका सकाळी बांगड्या आल्याच नाहीत.
त्यांच्या जागी एक रातकिडा येऊन बसला.
तो अजून उठलेला नाही.

रत्नागिरीला खातू मॅडमनी कागदावर शंख काढला,
अडीच वेढ्यांचा.
वाटाण्याएवढा असतो म्हणे, आत पाणी.
“चाचा, तुमच्या कानातसुद्धा खाडीच आहे.”
आवाज आला की पडदा हलतो,
पडद्यामागची तीन हाडं हलतात,
शेवटचं तर तांदळाच्या कणीएवढं;
ते शंखाचं दार ठोठावतं
आणि आतल्या पाण्यात लाट उठते.
लाटेत डोलतात केसांचे झुबके,
एकेका कानात पंधरा-सोळा हजार.
बारीक, चिरके आवाज दारापाशीच उतरतात,
जाडेभरडे जातात पार आतल्या वेढ्यापर्यंत.
दारातलं गवत आधी तुडवलं जातं, चाचा.

मी विचारलं, परत उगवतं का?
त्यांनी पेन्सिल टेबलावर ठेवली.

मग एक लोखंडी चिमटा गुडघ्यावर आपटून
त्यांनी माझ्या कानामागच्या हाडाला टेकवला,
आणि त्या थंडगार खोलीत
मला ओल्या सागाचा वास आला.

आमचे अब्बा असंच करायचे.
होडी थांबवून वल्हं पाण्यात उभं सोडायचं,
दांड्याचं टोक कानामागे,
डोळे मिटलेले.
आम्ही पोरं श्वास धरून.
“घोळ बोलतेय. जाळं काढा.”

परवा सुफियानला घेऊन खाडीच्या मुखाशी गेलो.
बहिणीचा पोरगा; येत्या हंगामात इंजिनावर तो बसणार.
वल्हं सोडलं, कान लावला,
आणि शपथेवर सांगतो,
ढुंक. ढुंक ढुंक.
खालून, जाड आवाजात,
आतल्या वेढ्यातलं कुणीतरी अजून जागं होतं.
मासा काय म्हणतो ते कळतंय मला.
बायको काय म्हणते ते निम्मंच.

हसलो की रडलो, पोराला विचारा.
तो काहीतरी म्हणाला.
मी म्हटलं, काय?
तो माझ्यासमोर येऊन बसला,
तोंड उजेडात धरून, सावकाश:
“मला पण ऐकायचंय.”

त्याच्यासाठी निळे इयरमफ आणलेत,
साडेसहाशे रुपयांचे.
म्हणतो, लोक हसतील,
गाणी ऐकत बसलाय म्हणतील.
म्हणू देत.
तासातासाला वर ये, थोडं वारं खा.
इंजिन रूमचं दार ओढून घे.
रात्री मोबाइल कानात कोंबून झोपू नकोस,
तेवढा तरी त्यांना विसावा दे.

पुढेमागे तुझ्या घरात जी येईल
तिच्या नावात कुठली अक्षरं असतील,
आत्ता कुणाला ठाऊक?
सगळी शिल्लक ठेव.

हे मी बहुतेक ओरडूनच सांगितलं.
धक्क्यावरचे सगळे वळून बघत होते.