बारावा

शाळेत सगळे सांगतात, हेडसर रणजी खेळलेत.
खेळलोय. नऊ सामने.
उरलेल्या एकतीस सामन्यांत मी पाणी नेलं,
हे कुणी विचारत नाही
आणि स्नेहसंमेलनात माइक हातात असला
तरी मीही सांगत नाही.

बारावा म्हणजे कपडे तेच, इस्त्री तीच,
बुटांना रात्री पांढरं फासलेलं,
आणि दिवसभर नेहरू स्टेडियमची पायरी.
कुणाला कोरडे ग्लोव्हज लागतील, कुणाला केळं,
कुणाच्या पोटरीत आता गोळा येणार,
हे त्याच्याआधी आपल्याला कळलं पाहिजे.
शिवाय निरोप.

निरोप मुख्य. कॅप्टन आमचा तोंडाचा फाटका.
"त्या गाढवाला सांग, पुन्हा जागेवरून बॅट घातलीस
तर तुझं किट कालव्यात फेकीन."
मी बाटल्या घेऊन धावायचो,
आणि खेळपट्टी येईपर्यंत वाक्य बदललेलं असायचं.
"छान दिसतोयस म्हणाला. पाय तेवढा पुढे."
सत्तर यार्ड. तेवढ्यात होतं.

एकदा अंगाशी आलं.
निरोप होता, चहापर्यंत नुसता उभा राहा.
शिंत्रेचा चेहरा पाहिला, इतका दबलेला,
की मी म्हणालो, तुझा तू खेळ.
तो खेळला. दुसऱ्याच चेंडूवर लाँगऑनला झेल.
सामना गेला. पुढल्या मोसमात
मला पाण्यालाही बोलावलं नाही.
शिंत्रे अजून लक्ष्मी रोडला भेटला की चहा पाजतो.
मी बिस्कीट बुडवतो
आणि गप्प बसतो.

मग बी.एड. मग सव्वीस वर्षं गणित.
आता दांडेकर पुलाजवळची ही शाळा,
भिंतीवर माझ्या छातीइतकी उंच पुराची रेघ,
रंग दिला तरी वर येणारी,
आणि टेबलावर फोन.

वरचे साहेब ओरडतात, पटसंख्या का घसरली.
मी कुडलेबाईंना सांगतो, साहेबांनी तुमची चौकशी केली.
बाई म्हणतात, कूपरला काय झालंय का साहेबांच्या?
कूपर कोण ते मला अजून कळलेलं नाही.
एकंदरीत कामाचं स्वरूप बदललेलं नाही.

परवा सातवी ब मधल्या समाधान लोंढेचे वडील.
मागे ट्रॅफिक, आवाज फाटलेला.
"सांगा त्याला, या वेळीपण गणितात गेला
तर घराकडं यायचं नाही."
ठेवला फोन.
ऑफिस ते सातवी ब,
मध्ये एक जिना, पाण्याची टाकी, वाळत घातलेली फडकी.
गुडघा कुरकुरतो. दारात पोचलो तेव्हा
मी म्हणालो, बाबांचा फोन होता रे,
डबा खाल्लास का विचारत होते.

पोरगं असं बघायला लागलं
जणू अंपायरनं बोट वर नेता नेता
कान खाजवला.

दुसऱ्या दिवशी लोंढे स्वतः आले.
रिक्षाचा खाकी शर्ट, किल्ली बोटात फिरवत.
"सर, काल मी तसं म्हटलंच नव्हतं."
नाही, मी म्हणालो.
शिंत्रे आठवला. लाँगऑन आठवला.
पंख्याचा आवाज फार मोठा झाला.
मी पेला भरून पुढे केला, सवयीनं.
त्यांनी तो एका दमात संपवला,
टेबलावर ठेवला, ओला गोल उमटला,
त्या गोलाकडे पाहत म्हणाले,
"मग? खाल्ला होता का?"

मला माहीत नव्हतं.
शिपायाला नाही पाठवलं.
स्वतः गेलो, जिना, टाकी, फडकी,
आणि आयुष्यात पहिल्यांदा
निरोप आला तसाच्या तसा पोचवला.

"अर्धा," समाधान म्हणाला. "भेंडी होती."